क्रोशे करताना मनगट जाम दुखतंय, काय करू?

लोकरवेडी:
ब्लँकेट घेतलंय विणायला, ४ मिमीची सुई, रोज रात्री दोन-अडीच तास सलग बसते. आठवड्याभरात उजवं मनगट असं ठणकायला लागलंय की बाटलीचं झाकण फिरवतानाही कळ येते. विणणं बंद कर हे सोडून काहीही सांगा 😅 रबरी मुठीची सुई घेतली तर फरक पडेल का?

मुका_खांब:
पडतो, मला पडला. पण आधी टाके बघ, सुई आत घालताना जोर लावावा लागतो का? लागत असेल तर नुसती मूठ बदलून काही होणार नाही, दोरा करकचून ओढतेयस तू. मी करंगळीला दोन वेढे घ्यायचे, एकच घ्यायला लागले आणि सुई अर्ध्या मिमीने मोठी केली तेव्हा कुठे हात मोकळा झाला. सुती दोऱ्याचं तर विचारूच नको, तो ताणतच नाही, सगळा ताण हातावर.

उसवाउसवी:
आणि ब्लँकेटचं वजन कुठे असतं गं? हाताला लोंबत असेल तर तेच दुखणार. मांडीवर उशी ठेव, सगळं धूड त्यावर, कोपरही टेकव. मनगट वाकवून नाही, सरळ ठेवून विणायचं. मी सुई कधी पेनासारखी कधी सुरीसारखी धरते, सुरुवातीला टाके वेडेवाकडे येतात पण हाताला आराम पडतो. वीस मिनिटांचा टायमर लाव, नाहीतर "ही एक ओळ संपवते" करत बारा वाजतात (अनुभव आहे).

सैल_टाका:
मुंग्या येतात का पण? अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री त्याने जाग येत असेल तर कार्पल टनेल असू शकतं, मनगटात नस दाबली जाते. मी तेच अंगावर काढलं आणि नंतर कितीतरी रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपावं लागलं. तसं असेल तर इथे विचारत बसू नको, डॉक्टरला दाखव.

लोकरवेडी:
मुंग्या नाहीत. पण आत्ता बघितलं, सुई खरंच रुतून बसतेय 🙈 आता अर्ध्यात मोठी सुई घेतली तर रुंदी बदलेल ना? उसवू का सगळं?

मुका_खांब:
उसवू नको गं! बदलेल थोडी. रंग बदलतेस तिथून नवी सुई घे आणि पहिल्या ओळीत दोन-तीन टाके कमी करून बघ.