दोराला लटकवल्याने भीती जाते का?

खडूस मास्तर
काल येथे एका पालकांनी लिहिले की, त्यांच्या मुलाच्या वर्गाला खंडाळ्याजवळ एक दिवसाच्या रॅपलिंग (दोराच्या आधाराने कडा उतरण्याच्या) शिबिराला नेले होते आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवून धीर दिल्यामुळे मुलाची उंचीची भीती कायमची गेली. मी उत्तर देणार नव्हतो, परंतु 'प्रत्येक शाळेने हे सक्तीचे करावे' हे शेवटचे वाक्य वाचले आणि राहवले नाही. बावीस वर्षे मी शाळेची मुले डोंगरात नेत आहे. कड्याच्या टोकावर दरीकडे पाठ करून, पाय खांद्याइतके फाकवून, दोरावर भार टाकत मागे रेलायचे असते. तो एक क्षण सर्वांत अवघड असतो. त्या क्षणी चाळीस वर्गमित्र 'जा, जा' असे ओरडत असतील, तर मूल उतरते ते सोमवारी वर्गात तोंड दाखवायचे असते म्हणून. दरीची भीती गेली आणि वर्गाची बसली, एवढाच काय तो हिशेब.

कुंदा नाशिककर
मास्तर, आपला अनुभव मोठा आहे, पण घाबरणाऱ्याच्या जागी आपण कधी उभे राहिला आहात का? मी अकरावीत असताना आमचा वर्ग निरगुडपाड्याहून हरिहर किल्ला चढला, त्याच्या उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांनी. चढताना पायऱ्यांच्या कडेच्या खोबणीत बोटे अडकवून मी कशीबशी वर गेले. उतरताना मात्र कातळाकडे तोंड करावे लागते आणि खालची पायरी दिसत नाही. निम्म्यावर माझे गुडघे लटपटू लागले आणि मी तेथेच थिजले. बाकावर माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण माझ्या खाली होती. तिने एका हाताने खोबण धरली, दुसऱ्याने माझा घोटा धरला आणि म्हणाली, "अजून चार बोटे खाली घे. हं, आता टेकव." असा अख्खा जिना आम्ही उतरलो. त्या जागी शिक्षक असते, तर मी लाजेने रडले असते. त्यानंतर मी तीनदा हरिहरला गेले आहे. तेव्हा सोबत्यांमुळे भीती जात नाही, हे मला सांगू नका.

खडूस मास्तर
बाई, आपण माझीच बाजू मांडलीत. आपल्याला एका मैत्रिणीने उतरवले, आणि ती टाळ्या वाजवत नव्हती.

दोरखंड
हा वाद चालू द्या, पण त्या हमीपत्राबद्दल कोणी बोलणार आहे का? मुलीच्या महाविद्यालयाने शिबिरापूर्वी माझ्याकडून लिहून घेतले की, काहीही झाले तरी संस्था जबाबदार राहणार नाही. उतरणाऱ्याचा सुरक्षेचा दोर कोण धरणार (त्याला 'बिले' म्हणतात), दोर जेथे बांधतात तो आधार, म्हणजे अँकर, कोण तपासणार, हे विचारले तर 'सर असतात' असे उत्तर मिळाले. मुलीची भीती जाईल तेव्हा जाईल, माझी मात्र त्या कागदाने वाढवली.

काळा कोट
निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर असा कागद संस्थेला फारसा वाचवत नाही. विनाकारण घबराट पसरवू नये.

दोरखंड
न्यायालयात काय टिकते, हे मुलगी गमावलेल्या बापाला सांगून पाहा! 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले, हे आपण विसरलात काय?

काळा कोट
विसरलो नाही, आणि तो दाखला येथे असा फेकणे मला असभ्य वाटते. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, अशी त्यात तरतूद आहे. सही करण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र किती पालक मागतात? आपण मागितले होते का?

दोरखंड
नव्हते मागितले. झाले समाधान?

मनाची पाटी
मूळ प्रश्नाकडे येते. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. ससा दररोज थोडा जवळ आणला जाई, कधी पीटरला खाऊ दिला जाई आणि कधी सशाला न घाबरणारी मुले त्याच्याबरोबर खेळत असत. म्हणजे सोबती हवेत, हे कुंदाताईंचे म्हणणे खरे, आणि एका दिवसात काही होत नाही, हे मास्तरांचेही खरे.

खडूस मास्तर
ससा आणि सह्याद्रीचा कडा यांत थोडा फरक आहे, पण 'दररोज थोडा जवळ' हे शब्द मी त्या पालकांना मोठ्या अक्षरांत पाठवू इच्छितो. दार्जिलिंगच्या संस्थेत 1954 पासून गिर्यारोहण शिकवतात आणि तेथील प्राथमिक अभ्यासक्रमालाही जवळजवळ चार आठवडे लागतात. आमच्या शाळांना मात्र सकाळचे पोहे आणि संध्याकाळचा चहा यांच्या मधल्या वेळात शूर मुले हवी असतात.

कुंदा नाशिककर
मास्तर, बावीस वर्षांत कड्यावरून मागे फिरलेल्या किती मुलांना आपण 'बरे केलेस' असे म्हणालात?

खडूस मास्तर
सुरुवातीची काही वर्षे एकालाही नाही. पुढे एक मुलगा टोकावरून परतला, त्याला मी सर्वांसमोर 'भित्रा' म्हटले, आणि तो पुन्हा कधीही आमच्याबरोबर आला नाही. हे लिहायचे नव्हते. आपण लिहायला लावलेत. असो. पुढील महिन्यात सातवीचा वर्ग राजमाचीला नेतो आहे. टाळ्यांना बंदी आहे आणि परत फिरण्यास मुभा आहे. आपणास सवड असल्यास यावे, घोटे धरणारे माणूस आमच्याकडे नाही.

कुंदा नाशिककर
येते. हमीपत्रावर सही मात्र करणार नाही.