लंडनला शिकतेय, डिसेंबरात १६ दिवस मुंबईत. एल्फिन्स्टनच्या सरकारी दप्तरात (राज्य पुराभिलेखागारात) काय काय उरकेल?

खेतवाडीची_पोर:
नमस्कार मंडळी. लंडनला एका वर्षाचं एमए करतेय. विषय १८९६ ची प्लेगची साथ आणि त्यानंतर १८९८ ला शहर सुधारायला आलेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे सँडहर्स्ट रोड काढताना ज्यांची बिऱ्हाडं उठली ती नेमकी गेली कुठे. दोन महिने सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याची, कागदपत्रं बघतेय, पेन लॉकरमध्ये ठेवायचं, आत फक्त पेन्सिल आणि पारदर्शक पिशवी. बॉम्बे प्रोसीडिंग्जचे, म्हणजे मुंबई सरकारच्या छापील कामकाजाचे, जाडजूड खंड समोर येतात, अमुक जागा घेतली, तमुक रकमेला मंजुरी दिली, पण भाडेकरू कुठेच बोलत नाही. काल एका पानावर भाडेकरूंचा अर्ज आल्याची एक ओळ सापडली, खाली दप्तरी दाखल असा शेरा, की लगेच पुढचा विषय सुरू. ती गल्ली आमच्या आजीच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि मी तिला सेंट पँक्रसला शोधतेय! गाइड म्हणतात लंडनमध्ये भागेल. भागेल का? मला मोडी येत नाही.

फोर्टातला_किडा:
नाही भागणार. तू वाचतेयस ती मुंबई सरकारने लंडनला पाठवलेली प्रत आहे, म्हणजे वरच्यांना दाखवायचं तेवढंच. टिपणं, कच्चे मसुदे, जोडलेले अर्ज, हे सगळं इथेच राहिलं, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे जनरल डिपार्टमेंटचे प्लेगचे वेगळे व्हॉल्यूम आहेत ते आधी माग. तिकडे प्रत्येक पत्राचा नंबर, तारीख आणि खातं छापलेलं असतं ना, ते आत्ताच उतरवून घे, कारण इथे माल वर्ष, खातं, व्हॉल्यूम, कंपायलेशन (व्हॉल्यूममधली एकेका विषयाची फाइल) असा लागतो आणि "प्लेगबद्दल काही आहे का" असं विचारलंस तर समोरचा माणूस तरी काय करणार बिचारा. युनिव्हर्सिटीचं पत्र आणि ओळखपत्र आण. आणि १६ दिवस म्हणू नकोस, शनिवार-रविवार आणि नाताळ गेला की ११ उरतात. मोडीचं टेन्शन घेऊ नकोस, त्या काळातला सेक्रेटरिएटचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे, जोडलेला एखादा अर्ज मोडीत किंवा गुजरातीत निघाला तर तेव्हा बघू.

हो, आणि ट्रस्ट १९३३ ला महापालिकेत विलीन झाला, तेव्हा तिकडचं दप्तरही विचारून ठेव.

दादरची_मावशी:
अगं पोरी, पेपर वाचलेस का त्या वेळचे? तिकडे नेटिव्ह न्यूजपेपर रिपोर्ट्स मिळतील, दर आठवड्याला देशी पेपरांतले उतारे इंग्रजी करून सरकारला द्यायचे ते. पण त्यात सरकारला जे बोचलं तेच येतं. चाळीतल्या मोरीवर कोणी चार ओळी लिहिल्या असतील तर भाषांतरकार कशाला घेईल? म्हणून तिथून तारखा काढ आणि मूळ मराठी अंक इथे वाच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चंच आहे, तुझ्या ट्रस्टच्या वयाचं. जुने अंक हाताळताना तुकडे पडतात गं, पान घाईने उलटू नकोस.

पाचशे_फोटो:
माझ्या चुकीतून शिक ताई. मी परदेशात असताना चार दिवसांत पाचशेवर फोटो काढले आणि एकातही शेल्फमार्क, म्हणजे खंडाचा नंबर, नाही!! सगळी पानं सारखीच पिवळी, कुठलं कुठल्या खंडातलं काही कळेना, परत सगळे खंड मागवावे लागले आणि भाड्याच्या खोलीचे पैसे गेले ते वेगळेच. आता एका चिठ्ठीवर नंबर लिहून ती पानाच्या बाजूला ठेवूनच क्लिक. आणि कॅटलॉगमध्ये जुनं इंग्रजी स्पेलिंगच टाक, आजच्या उच्चाराप्रमाणे गिरगाव टाकून बसलीस तर रिकामं पान येईल, शेवटी म येणारं गिरगॉम शोध, परळच्या शेवटी दोन एल टाकूनही बघ.

खेतवाडीची_पोर:
किडा दादा, आज ते पान परत मागवलं. नंबर, तारीख, खातं, तिन्ही छापलेलं आहे की! मी अर्जाच्या ओळीलाच चिकटून बसले होते. उतरवून घेतलं. मावशी, ग्रंथसंग्रहालयासाठी दोन दिवस वेगळे ठेवते. १२ तारखेचं तिकीट काढलंय, आईला मात्र अजून सांगितलं नाहीये की पोरगी घरी फक्त जेवायला येणार.