अभियांत्रिकीत पगार शाखेवर ठरतो की पदवीवर?

निशिगंध:
शाखांच्या पगाराचे तक्ते पाहिले की पेट्रोलियम आणि हार्डवेअर वर, सिव्हिल खाली, असंच दिसतं. या फरकावर शाखा निवडण्याइतका भरवसा ठेवावा का? आणि मास्टर्स किंवा पीएचडी केल्यावर पगारात जी वाढ होते, त्यातून गेलेली वर्षं भरून निघतात का? शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर हा हिशेब आधीच मांडायला हवा, म्हणून विचारते.

तुळई:
आधी शाखेचं बोलू. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाकडे शाखावार आकडे मिळतात, म्हणून तेच घेतो. मे 2023चा मध्यक वार्षिक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी), डॉलरमध्ये: सिव्हिल 95,890, मेकॅनिकल 99,510, केमिकल 1,12,100, एरोस्पेस 1,30,720, पेट्रोलियम 1,35,690, कॉम्प्युटर हार्डवेअर 1,38,080. रकमा त्या देशापुरत्या, पण हा क्रम का लागतो ते समजून घेण्यासारखं आहे.

पेट्रोलियममध्ये एका विहिरीबाबतचा एक निर्णय प्रचंड पैसा वाचवतो किंवा बुडवतो, त्यामुळे माणसामागे मिळकत जास्त. शिवाय माणसं थोडी: तिथे पेट्रोलियम अभियंते सुमारे 20 हजार, तर सिव्हिलचे 3 लाखांहून अधिक. याचीच दुसरी बाजू अशी की तेलाचा भाव पडला की भरती थांबते. 2014च्या मध्यात पिंपामागे 100 डॉलरच्या वर असलेलं तेल 2016च्या सुरुवातीला 30च्या खाली आलं होतं. तेजी पाहून प्रवेश घेतलेली तुकडी चार वर्षांनी मंदीत बाहेर पडते, हा या शाखेचा खरा धोका. मध्यकात तो दिसत नाही, कारण नोकरी गेलेल्यांचा पगार त्यात मोजलाच जात नाही.

सिव्हिलमध्ये डिझाइनची फी प्रकल्पखर्चाच्या थोड्या टक्क्यांत बसवायची असते आणि निविदेत तीही घासली जाते. पगार दबतो तो तिथे. पण काम सगळीकडे असतं, आणि आराखड्यांवर स्वाक्षरीचा अधिकार देणारा परवाना मिळाला की पगार उडी घेतो. काही संरचना आणि भूतांत्रिक (जमीन आणि पायाच्या) कामांत तो नसेल तर वाढ एका पायरीवर अडकते.

तक्ता वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. हा मध्यक सर्व वयांचा आहे, सुरुवातीचा पगार नव्हे. आणि एकाच शाखेत वरच्या दहा टक्क्यांचा पगार खालच्या दहा टक्क्यांच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणजे शाखाशाखांतल्या अंतरापेक्षा शाखेच्या आतलं अंतर मोठं.

घनमूळ:
पदवीचा हिशेब मी मांडते. पदवीधराचा पहिला पगार 100 धरा, वाढ दरवर्षी 8 टक्के. मास्टर्सची दोन वर्षं म्हणजे 100 + 108 = 208 गेले, फी वेगळी. तिसऱ्या वर्षी पदवीधर 116.6वर असतो.

मास्टर्सवाला 125वर लागला तर त्या वर्षीचा फरक फक्त 8.4. दोघांनाही तीच टक्केवारी मिळत राहिली तर 208 भरून यायला नोकरीची 14 वर्षांहून थोडी जास्त लागतात. 140वर लागला तर फरक 23.4 आणि सुमारे 7 वर्षं पुरतात. फी आणि कर्जाचं व्याज धरलं की दोन्ही मुदती आणखी लांबतात. लोकांची चूक इथे होते: 125ची तुलना 100शी करतात. करायची असते 116.6शी.

पीएचडीला पाच वर्षं धरली तर 587 गेले. छात्रवृत्ती त्यातून वजा करा. सहाव्या वर्षी पदवीधर 147वर पोचलेला असतो, म्हणजे पीएचडीवाल्याला पहिल्याच दिवशी त्याच्या बऱ्याच वर सुरुवात मिळायला हवी. ते बहुधा तिथेच घडतं जिथे त्या पदवीशिवाय दारच उघडत नाही: सेमीकंडक्टर उपकरणांचं भौतिकशास्त्र, औषधनिर्मितीतलं संशोधन, बॅटरीचं रसायन. निव्वळ पैशासाठी पीएचडी करू नये असं माझं ठाम मत आहे.

नोकरी करत, कंपनीच्या खर्चाने मास्टर्स केलं तर मात्र गेलेली रक्कम जवळपास शून्य होते. मग थोडा फरकही नफाच. त्यासाठीच्या करारात किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, ते कलम आधी वाचा.

स्थिरांक:
घनमूळ यांच्याशी सहमत, पण 125 की 140 हे उपशाखेवर ठरतं. अॅनालॉग सर्किट, आरएफ (रेडिओ लहरींची सर्किटं), कंट्रोल, संरचना, भूतांत्रिक इथे मास्टर्स ही जवळपास प्रवेशाची अट. देखभाल, उत्पादन, साइटवरचं काम इथे दोन वर्षांचा अनुभव तितकाच किंवा जास्त चालतो. इलेक्ट्रिकलमध्येही रिले (बिघाड होताच वीज तोडायला लावणारं उपकरण) सेटिंग आणि दोषप्रवाहाचा (बिघाडात वाहणाऱ्या विजेचा) अभ्यास स्वतंत्रपणे करू शकणाऱ्याला पदवीपेक्षा त्या कौशल्याचे पैसे मिळतात.

तपासायची सोपी रीत: हव्या त्या कामाच्या चाळीसेक जाहिराती गोळा करा. प्रत्येकीतून किमान पदवी, अनुभवाची वर्षं, मागितलेलं सॉफ्टवेअर आणि पगाराचा पट्टा असे चार रकाने भरा. "मास्टर्स असल्यास प्राधान्य" आणि "मास्टर्स आवश्यक" वेगळे मोजा. पहिल्याचा पगारावर परिणाम क्वचितच होतो. "मास्टर्स किंवा दोन वर्षांचा अनुभव" असं बऱ्याच जाहिरातींत दिसलं, तर बाजाराने उत्तर दिलेलंच आहे.

निशिगंध:
धन्यवाद, 116.6चा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. या रकान्यांत शेअर्स आणि बोनस कसे धरायचे? हार्डवेअरच्या ऑफरमध्ये ते बरेच दिसतात.

घनमूळ:
मूळ पगार पूर्ण धरा. बोनस मागच्या तीन वर्षांत सरासरी किती टक्के दिला गेला ते विचारा आणि तेवढाच धरा. शेअर्स चार वर्षांत मिळणार असतील तर एकूण रकमेचा चौथा भाग वर्षाला. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास काहीच मिळत नाही, अशी अट असते का ते पाहा. कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर तुलनेत शेअर्स शून्य धरा.

तुळई:
आणि तास विसरू नका. पाळीचं किंवा समुद्रातल्या तेल-फलाटावरचं काम असेल तर भत्त्यांसकट वर्षाची रक्कम प्रत्यक्ष तासांनी भागा, मगच सिव्हिल-मेकॅनिकलशी ताडून पाहा. भत्ता त्या जागेचा असतो, तुमचा नव्हे. कार्यालयात बदली झाली की जातो, म्हणून कर्जाचा हप्ता मूळ पगारावरच बसवा.