दप्तराची निंदणी की दप्तराची होळी?

निवृत्त अभिलेखपाल
ग्रामपंचायतींनी जुने दप्तर स्कॅन करून कागद रद्दीत घालावेत, म्हणजे जागा मोकळी होईल आणि चार पैसेही मिळतील, असे काल या गटावर एका सदस्यांनी लिहिले. पंचायत समितीच्या अभिलेख कक्षात 35 वर्षे धूळ खाल्लेल्या मला हे वाचून गप्प बसवले नाही. कोणता कागद किती काळ जपायचा, म्हणजे ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ वर्ग 30 वर्षे, ‘ड’ वर्ग 1 वर्ष, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच पाठ करावे लागे. या छाटणीला सरकारी भाषेत ‘निंदणीकरण’ म्हणतात आणि तो शब्द शेतातला आहे. खुरपणारी बाई आधी पीक ओळखते, मगच तण उपटते. आपण मात्र सरसकट नांगर फिरवायला निघाला आहात.

तीन गावांचा ग्रामपंचायत अधिकारी
ते सदस्य म्हणजे मीच. आपल्याकडे कक्ष होता, मांडण्या होत्या, गठ्ठे बांधायला माणूस होता. माझ्याकडे एक लोखंडी कपाट आहे, त्याचा खालचा खण वाळवीने नमुना 8, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीसकट खाल्ला आहे आणि वरच्या खणावर छत गळते. करवसुली, घरकुलाच्या याद्या, ग्रामसभा आणि रोजचे ऑनलाइन अहवाल सांभाळून वर्गीकरण नेमके कोणत्या वारी करायचे, तेही पहिल्या आठवड्यात शिकवत असतील तर कृपया कळवावे.

अपिलार्थी
वाळवीचे नाव निघालेच आहे, म्हणून सांगतो. वडिलांच्या घराची 1974 ची आकारणी माहिती अधिकारात मागितली, तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. पहिले अपील, दुसरे अपील यांत अडीच वर्षे गेली. नष्ट केला असेल तर नाशनाची मंजूर यादी दाखवा, म्हटले, तर यादीही ‘आढळून येत नाही’. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. वाळवीवर गुन्हा कसा नोंदवायचा, एवढेच त्यात नाही.

तीन गावांचा ग्रामपंचायत अधिकारी
एकेका अर्जात ‘सर्व रजिस्टरांच्या सर्व प्रती’ मागणारेही आपलेच बंधू असतात. शिवाय मोडीतल्या जुन्या नोंदवह्या गावात वाचतो कोण?

मोडी वाचक
हे विधान मागे घ्यावे. 2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि त्या नोंदींसाठी गाव नमुना 14 ची, म्हणजे जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकाची, पाने शोधताना ‘वाचतो कोण’ म्हणणारे हेच लोक आमच्या दारात उभे राहिले. मी स्वतः भिंगाखाली अशी पाने वाचली आहेत, ज्यांवर नाव शाबूत होते आणि जातीचा रकाना नेमका घडीवर फाटलेला होता. ‘कुण’पर्यंत दिसते, पुढे भोक. आता त्या कुटुंबाला मी काय लिहून द्यावे?

अपिलार्थी
मोडीचे प्रमाणित लिप्यंतर करून देणाऱ्यांनी पानामागे घेतलेले दर पाहता, आपले प्रेम लिपीवर आहे की दरपत्रकावर, हा प्रश्न पडतो.

मोडी वाचक
मी एक पैसा घेतलेला नाही. ज्यांनी घेतला त्यांचा हिशेब माझ्याकडे मागू नये. आणि गावोगाव वाचणारा एक माणूस नेमला असता, तर दर वाढलेच नसते.

तीन गावांचा ग्रामपंचायत अधिकारी
आपल्या भांडणात कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. मागच्या वर्षी आवराआवरीत दोन पोती कागद भंगारवाल्याला गेले. महिन्याभराने बाजारात चिवड्याचा पुडा घेतला, तो आमच्याच गावच्या लाभार्थ्याच्या पासबुकाच्या झेरॉक्सचा होता. खाते क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. त्या दिवसापासून चिवडा सोडला आहे.

निवृत्त अभिलेखपाल
म्हणजे जे जपायचे ते वाळवीने नेले आणि जे बारीक तुकडे करून नष्ट करायचे ते बाजारात पोहोचले. आपल्याकडे माणूस नाही, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. स्कॅन जरूर करा, पण कागद हलवण्यापूर्वी यादी, लेखापरीक्षणाचे प्रलंबित आक्षेप, न्यायालयातील प्रकरणे आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, हे टप्पे चुकवू नका. येत्या रविवारी कपाट उघडे ठेवा. ‘अ’ वर्गाचे गठ्ठे बांधायला लाल कापड मी आणतो, वाळवीचे औषध आपण आणा.

अपिलार्थी
जी यादी होईल तिची एक प्रत मला द्यावी. अर्ज करायला लावू नये.