तार्तूचं पडकं कॅथेड्रल: टॅलिनहून मुद्दाम जावं का?

खिडकीची सीट:
जूनमध्ये एस्टोनियाला चाललोय, टॅलिन तर होणारच, पण ट्रेनने तार्तूला जाऊन टेकडीवरचं ते पडकं कॅथेड्रल बघावं असं माझ्या मनात आहे आणि नवरा म्हणतोय चार भिंती बघायला एवढ्या लांब कशाला. सोबत सासूबाई (गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांचं कार्टं. कुणी गेलंय का?

फिरस्ता:
जा की! आणि नुसत्या भिंती नाहीयेत तिथे. १३व्या शतकात सुरू झालेलं लाल विटांचं गॉथिक काम, १५२५ मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या दंगलीत आतली मोडतोड झाली, १५५८ मध्ये रशियन सैन्याने शहर घेतलं, १६२४ ला आग, मग कोण दुरुस्त करतंय. पण खरी गंमत पुढे आहे, १८०२ मध्ये युनिव्हर्सिटी पुन्हा सुरू झाली तेव्हा क्राउझे नावाच्या आर्किटेक्टने पडक्या चर्चच्या वेदीकडच्या भागात चक्क तीन मजली लायब्ररी बांधली. म्हणजे अर्ध्या इमारतीला छप्परच नाही आणि अर्धी नांदती! आता तिथे युनिव्हर्सिटीचं म्युझियम आहे. बहुतेक लोक बाहेर फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका.

पायपीट:
+१. मुलासाठी तर म्युझियमच बघा, 'वेड्या शास्त्रज्ञाची खोली' म्हणून एक भाग आहे, तिथून पोरं हलत नाहीत. बुरुजांवर उन्हाळ्यात जाता येतं पण सगळ्या पायऱ्याच, सासूबाईंना खाली बाकावर बसू दे, झाडी मस्त आहे. बुरुज आधी ६६ मीटरपर्यंत उंच होते म्हणे, १७६० च्या दशकात वरती तोफा ठेवायला छाटून २२ मीटरवर आणले.

जरा थांबा:
माझं मत थोडं वेगळं. फक्त कॅथेड्रलसाठी जाणार असाल तर तुमचे मिस्टर बरोबर आहेत, भग्नावशेष अर्ध्या तासात बघून होतात. पण त्याच टेकडीवर जुनी वेधशाळा आहे, स्ट्रूवे या खगोलशास्त्रज्ञाने पृथ्वीचा आकार मोजायला मोजणीच्या बिंदूंची जी लांबलचक साखळी टाकली (युनेस्को यादीत, २००५) तिचा एक बिंदू तिथलाच. शिवाय बेअर या शास्त्रज्ञाचा पुतळा, सस्तन प्राण्यांचं अंडं शोधणारा तो. ३० एप्रिलच्या रात्री विद्यार्थी त्याचं डोकं शॅम्पेनने धुतात! हे सगळं धरून पूर्ण दिवस द्या, नाहीतर टॅलिनलाच थांबा.

खिडकीची सीट:
थँक्स सगळ्यांना. शॅम्पेनचं वाचून नवरा तयार झालाय, एप्रिल कधीच गेला हे अजून सांगितलं नाही 😄