मुलाला ग्रोथ हार्मोन सुरू करायचंय, पुढे मोठेपणी याचा काही त्रास होतो का?

निशिगंध

नमस्कार. मुलगा ९ वर्षांचा आहे, उंची ११७ सेंमी, गेल्या वर्षभरात जेमतेम साडेतीन सेंमी वाढला. लहानखुरा आधीपासूनच होता पण आम्ही आज वाढेल उद्या वाढेल म्हणत राहिलो. आता हाताचा एक्सरे काढला तर हाडांचं वय साडेसहा निघालं, मग दोन स्टिम्युलेशन टेस्ट (औषध देऊन शरीर किती हार्मोन सोडतं ते बघतात) झाल्या, दोन्हीत हार्मोन कमी आलं, एमआरआयमध्ये गाठबिठ काही नाही. रोज रात्री एक इंजेक्शन, उंची पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पाचसहा वर्षं तरी धरून चाला असं सांगितलंय.

टोचायची भीती गेली, ते जमेल. पण घरातल्याच एका मोठ्या माणसानं सांगितलं की यानं पुढे कॅन्सर होतो, आणि मी रात्री वाचत बसले तर कुठे मेंदूचा आजार, कुठे स्ट्रोक, कुठे डायबेटीस. माझ्या आईला साठीनंतर ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, वडिलांना डायबेटीस आहे, त्यामुळे जास्तच धसका घेतलाय. डॉक्टर म्हणाले सेफ आहे, काळजी करू नका, आणि पुढचा पेशंट आत बोलावला. रोज मीच टोचणार ना त्याला, आणि तो चाळिशीचा झाल्यावर काही निघालं तर? ज्यांनी दिलंय त्यांनी खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

रानपाखरू

आमच्या मुलीला टर्नर सिंड्रोम (मुलींमधला जन्मजात गुणसूत्रांचा दोष, त्यात उंची कमी राहते) आहे, सातव्या वर्षी सुरू केलं, चौदाव्या वर्षी बंद. टर्नरमध्ये डोस तुमच्या मुलापेक्षा जास्त असतो, तर तो फरक धरूनच वाचा.

पाचव्या आठवड्यात तिला सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली, आम्हाला वाटलं पित्त. नशीब की नर्सनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, डोकेदुखी, उलटी किंवा धूसर दिसणं असं काही झालं तर त्या रात्रीचं इंजेक्शन द्यायचं नाही, आधी फोन करायचा. डोळ्याच्या डॉक्टरांनी आतला पडदा तपासला तर डोळ्याच्या नसेला सूज होती, डोक्यातलं प्रेशर वाढलेलं. औषध थांबवल्यावर उतरलं, मग कमी डोसनं परत सुरू केलं आणि हळूहळू वाढवलं, नंतर सात वर्षांत परत झालं नाही. हे फार कमी मुलांना होतं पण होतं ते बहुतेक पहिल्या दोनेक महिन्यांतच, तेवढे दिवस डोळ्यात तेल घालून बघा.

दुसरं, लंगडणं. मूल भराभर वाढायला लागलं की मांडीच्या हाडाचं डोकं खुब्यात जागेवरून सरकू शकतं, आणि गंमत अशी की, गंमत नाही म्हणा, दुखतं कधी कधी फक्त गुडघा. खेळताना लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका. पाठीचा कणा आधीच थोडा वाकडा असेल तर तो वाढत्या वयात जास्त वाकू शकतो, त्यामुळे दर वेळी शर्ट काढून पाठ बघायला सांगा. आणि थायरॉइड, आमच्या लेकीचं दुसऱ्या वर्षी कमी झालं आणि त्यामुळे उंचीच थांबली होती, गोळी सुरू केल्यावर परत वाढायला लागली.

अश्वत्थ

मी लहान मुलांच्या हार्मोन विभागात काम करते. निशिगंध, तुम्ही जे सगळं वाचलंत ना त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात, त्या आधी सुट्या करूया.

मेंदूचा आजार म्हणजे क्रॉइट्सफेल्ट-याकोब, मेंदू झिजवणारा जीवघेणा आजार. तो खरा आहे पण तो आत्ताच्या औषधाचा नाही. १९५८ ते १९८५ या काळात हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून (मेंदूच्या तळाशी असते ती) काढत असत, हजारो ग्रंथी एकत्र करून, आणि त्यातल्या काही दूषित निघाल्या. ते घेतलेल्यांपैकी सगळ्यात जास्त जण फ्रान्समध्ये या आजारानं दगावले, शंभराच्या वर. १९८५ मध्ये ते बहुतेक ठिकाणी थांबवलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन आलं, त्यात माणसाच्या ग्रंथीचा कणही नसतो. त्यामुळे ही भीती तुमच्या मुलाच्या बाबतीत पूर्ण काढून टाका.

मृत्यू आणि स्ट्रोकची बातमी २०१० ची, तीही फ्रान्समधलीच. १९८५ नंतरचं नवीन हार्मोन घेतलेल्या जवळपास ७००० मुलांचा पाठपुरावा केला तर ९३ मृत्यू झाले होते, तेवढ्याच वयाच्या इतर लोकांमध्ये ७० अपेक्षित होते. हाडांच्या गाठी आणि मेंदूतला रक्तस्राव ही कारणं पुढे आली, आणि जास्त डोसवाल्यांत प्रमाण जास्त दिसलं. सगळीकडे घबराट झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मग ८ युरोपीय देशांतल्या २४ हजारांहून जास्त लोकांचा हिशोब २०२० मध्ये आला. नुसतं हार्मोन कमी असलेल्या मुलांत, म्हणजे तुमच्या मुलासारख्या, एकूण मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, डोसशीही संबंध लागला नाही. पण पूर्ण निर्धास्त व्हा असंही मी म्हणणार नाही, कारण रक्ताभिसरणाच्या आजारांनी गेलेल्यांचं प्रमाण सगळ्याच गटांत थोडं जास्त होतं. ते औषधामुळे की मूळ आजारामुळे हे सुटलेलं नाही, आणि ती माणसं अजून म्हातारी व्हायचीत, लक्ष ठेवणं चालूच राहणार. तुमचे डॉक्टर चूक बोलले नाहीत पण नुसतं 'सेफ' म्हणून उठवणं बरोबर नाही, तुम्हाला हे ऐकायचा हक्क होता.

कॅन्सरचं म्हणाल तर ज्या मुलाला आधी कॅन्सर झालेला नाही त्याला यानं नवा होतो असं दिसलेलं नाही. ज्यांच्या मेंदूला लहानपणी रेडिएशन दिलंय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना दुसरी गाठ, विशेषतः मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), होण्याची शक्यता मुळातच असते म्हणून तिथे खूप विचार करून देतात. काही जन्मजात आजारांत कॅन्सरचा धोका असतो तिथेही तसंच. आईला साठीनंतर झालेला ब्रेस्ट कॅन्सर हे एवढ्यावरून औषध नाकारायचं कारण नाही, पण फाइलवर लिहून घ्या, आणि घरात कुणाला कमी वयात झाला असेल तर तेही सांगा.

डायबेटीस मात्र हलकं घेऊ नका. हे हार्मोन इन्शुलिनच्या विरुद्ध ओढतं. ज्या मुलाचं वजन जास्त आहे किंवा घरात टाइप २ डायबेटीस आहे त्याच्यात तो लवकर उघडा पडू शकतो. सुरू करायच्या आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून ठेवा, मग ठरावीक काळानं परत.

आणि आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारं, वाढ घडवणारं दुसरं हार्मोन. हा शब्द पाठ करा. डोस बरोबर चाललाय का ते यावरून कळतं, सहा महिन्यांनी ते वर्षानं रक्त तपासतात, वयाच्या मानानं वरच्या मर्यादेबाहेर गेलं तर डोस कमी करायचा. उंची छान वाढतेय म्हणून जास्त आलेला आयजीएफ-१ तसाच सोडलेला मी पाहिलाय, ते मला अजिबात पटत नाही.

गारवा

आम्ही उलट ठरवलं म्हणून लिहिते. माझ्या मुलाचं हार्मोन नॉर्मल होतं, कुठलंच कारण सापडलं नाही, नुसता बुटका. तरी देता येतं, अमेरिकेत २००३ पासून अशा मुलांना परवानगी आहे. मी एकच विचारलं, किती सेंमी मिळतील? सरासरी पाचेक, काहींना जास्त, काहींना काहीच नाही. त्यासाठी निरोगी पोराला काही वर्षं रोज टोचायचं मला जमेना, त्यालाही विचारलं तर तो म्हणाला नको. पण निशिगंध, तुमच्या मुलाच्या शरीरात जे कमी आहे तेच भरून देताय तुम्ही, आमचा प्रश्न वेगळा होता, माझं बघून थांबू नका.

निशिगंध

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, अश्वत्थ ताई तुमचं उत्तर मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. मेंदूच्या आजाराचं ओझं तर उतरलंच. एक राहिलं, आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन आलंय म्हणतात, ते घेतलं तर? आणि हे आयुष्यभर घ्यावं लागतं का?

पायवाट

आयुष्यभराचं मी सांगतो, मी स्वतः ११ ते १७ घेतलं, आता ३१ आहे. उंची थांबल्यावर काही आठवडे बंद ठेवून परत टेस्ट केली तर माझं हार्मोन नॉर्मल आलं. लहानपणी नुसतं हेच एक हार्मोन कमी असलेल्या बऱ्याच मुलांचं असं होतं. ती टेस्ट मागून घ्याच. आणि डोस, तारखा, सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवून त्याच्या हातात द्या मोठेपणी, माझ्या आईनं ठेवलं नव्हतं आणि आज कुठलाही डॉक्टर मला डोस किती होता विचारतो तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

अश्वत्थ

आठवड्याचं औषध उंचीच्या बाबतीत रोजच्याइतकंच चालतं, पण मुलांसाठी ते अमेरिका-युरोपात २०२१ च्या आसपास यायला लागलं, म्हणजे ते लहानपणी घेऊन चाळिशीला पोचलेली माणसं अजून नाहीतच. तुमचा जीव जर नेमका पुढच्या वीस-तीस वर्षांत अडकला असेल तर मी रोजचंच घ्या म्हणेन. पण रोजची इंजेक्शनं सारखी चुकत असतील तर आठवड्याचं बरं. तेव्हा एक लक्षात ठेवा, त्यात आयजीएफ-१ आठवडाभर वरखाली होत राहतो, म्हणून रक्त साधारण चौथ्या दिवशी द्यायचं आणि कागदावर इंजेक्शनचा वार लिहायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा वाढलेला आकडा बघून उगाच डोस कमी केला जातो.