विषय: बिनहाडाची मांडी अन् सावजी रस्सा

नमस्कार मंडळी,
इथं अमेरिकेत कॉस्टकोतून, म्हणजे सभासद-कार्डाच्या घाऊक दुकानातून, लॅम्बची (कोकराची) मांडी आणली. ऑस्ट्रेलियाची, बिनहाडाची, जाळीत गुंडाळलेली, चांगली दोन किलो भरते. घरी खाणारे आम्ही दोघं. सावजी करावा म्हणते, पण ह्यांना लॅम्बचा वास सहन होत नाही. काय करू? उरलेलं तसंच फ्रीझरला टाकलं तर चालते का? जवसाचं तेल मात्र इथं मिळालं!
— गोंदियाची सून

वहिनी,
मी सध्या पोळ्यासाठी गावी, उमरेडजवळ. आज पुरणपोळी, उद्या कर, म्हणजे मटणाचा दिवस. ओसरीवर बोकडाचे हिस्से ठरून राह्यले अन् इकडं तुमची मेल.
हिस्सा घेतला का त्यात मांडी, सीना, चाप, नळी, कलेजीचा तुकडा, सगळंच थोडं थोडं येते. रश्शाला चव येते ती त्या नळीची. तुमच्या मांडीत हाडूकच नाही, नुसत्या तिचा रस्सा पानचट होईल. हलाल दुकानातून नळ्या अन् गर्दन आणा, अर्धा-पाऊण किलो बस. हळद-मीठ घालून आधी ते उकळा, मग त्याच पाण्यात मांडीचे तुकडे सोडा.
वास असते चरबीत. जाळी कापून मांडी उलगडा. मधात चरबीचे जाड पट्टे दिसतील, वरून पांढरी झिल्ली. सुरीचं टोक घालून सगळं काढा, आळस नको. दही-लिंबू लावून वास जाते म्हणणारे भेटतील. चरबी तशीच ठेवली तर काही जात नाही. पॅक फोडल्याबरोबर जो आंबूस वास येते तो निराळा, हवाबंद मांसाचा. थोडा वेळ उघडं ठेवलं का उडते. नाहीच उडाला तर दुकानात वापस करा.
लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू. आपल्या बोकडाच्या हिशेबानं शिट्ट्या घेतल्या तर धागे होतील. तीन शिट्ट्या घ्या, मग झाकण काढून मंद आचेवर.
जवसाचं तेल राहू द्या. जुने लोक सावजी त्याच्यातच करत, खरं आहे. पण तिकडची बाटली कच्चं खायची असते, तापवली का लगेच धूर अन् कडूपणा. शेंगदाण्याचं घ्या. मसाल्यात खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, अन् दाटपणाले भाजलेलं ज्वारीचं पीठ. भिवापुरी मिरची मी येताना आणतो, कोणाकोणाले पाहिजे ते सांगा.
फ्रीझरला अख्खी टाकू नका. एका वेळेचे तुकडे करून चपट्या थैल्या भरा. काढल्यावर फ्रिजमध्येच रात्रभर ठेवा, ओट्यावर नाही.
— उमरेडवाले काका

काका, सगळं पटलं, पण इतक्या कोवळ्या मांडीचा रस्साच कशाला? मी तिला लसूण-मिरची चोळून ओव्हनमध्ये भाजते. थर्मामीटर १४५ फॅरनहाइट दाखवला की बाहेर, मग झाकून ठेवायची. इथल्या सरकारी सल्ल्यात ३ मिनिटं थांबा म्हणतात, मी पंधरा थांबते. खिमा असेल तर मात्र १६०. अन् गरमच वाढायचं. ताट थंड झालं का चरबी टाळूला चिकटते.
वहिनी, पुढच्या वेळी दोन किलो एकटीनं उचलू नका. आम्ही तीन घरं आहोत, हिस्से पाडू. कार्ड तुमचं, कापणं माझ्याकडं. काकांच्या मिरचीतला पाव किलो माझ्या नावानं लिहा.
— आर्वीची ताई